पुढच्या सीटचा पट्टा

"...पुढच्या सीटवर बाई बसली होती म्हणे. माह्या भावानं, गुलाबनं, सोताच्या डोळ्यानं पाह्यली. दोन कप चहा देल्ला त्यानं. अन त्याच रात्री माणूस परत आला तं—"

एवढ्यावर अंजनाबाईंचं बोलणं तुटलं. गिरणीच्या दारात पुनम उभी होती. हातात ज्वारीचा लहान डबा, सातव्या महिन्याचं पोट. ज्या माणसाची गोष्ट चालली होती त्याचीच सून. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं नाही, सगळ्यांनी पिठाकडं पाहिलं. गिरणी तेवढी घरघरत राहिली.

'परत आला तं' याच्या पुढं काय, ते कोणालाच कळलं नाही. आणि राजुऱ्यात जे कळत नाही ते संध्याकाळपर्यंत चार तऱ्हांनी कळतं. कोणी म्हणालं, गुणवंतरावांनी बायकोचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत दुसरी पाहिली. कोणी म्हणालं, पाहिली आणि जंगलात नेऊन सोडलीसुद्धा.

लाइट काही इतक्यात येत नाही, पोरांनो. जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्याची आणि माझी भिंत एक आहे. त्यांच्या घरी फोडणी पडली तर ठसका मला लागतो. तेव्हा गिरणीतलं ते अर्धं वाक्य कानावर आलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. गेलो, सरळ विचारलं. म्हातारा आधी हसला. मग उठून दार लोटलं आणि सांगितलं. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं मीठ त्यात घालत नाही.

गुणवंतरावांचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. घराएवढाले डंपर चालवले, पण स्वतःच्या दारात कायम मोटरसायकलच. इंदुताईंचं माहेर मोहटोल्याचं. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडून लगामकडं निघालं की आतल्या अंगाला ते गाव आहे. धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. दरवर्षी मोहाची फुलं पडायला लागली की बाई एसटीनं माहेरी जायच्या. थोड्या दिवसांनी हे मोटरसायकल घेऊन आणायला.

नोकरी सुटली की गाडी घ्यायची असं दोघांचं ठरलं होतं. ड्रायव्हर नाही, पोरगा नाही, दोघंच. मोहाच्या दिवसांत निघायचं, आलापल्ली, अहेरी, प्राणहितेच्या काठाकाठानं फिरायचं. इंदुताईंची अट एकच होती.

"एसटी थांबते तिथी नाई जी थांबाचं. मले वाटते तिथी थांबाचं."

गाडी आली. जुनीच, पांढरी, लहान. पण ती यायच्या आधीच, दसऱ्याच्या तोंडावर, इंदुताई तापानं गेल्या. घरात पाळणा हलणार ही बातमीसुद्धा त्यांना कळली नाही. पुनमला कळली तेव्हा बाईंचा तेरावा होऊन गेला होता.

गुणवंतराव गाडी रोज पुसायचे. पुढच्या डाव्या सीटवर कोणाला बसू देत नव्हते. पोरगा आदेश बापाच्या गाडीत सवारीसारखा मागं बसायचा. एकदाच त्या सीटवर गव्हाचा कट्टा ठेवला, तर गाडी टीं... टीं... करून बोंबलायला लागली.

"बाबा, वजन पडलं का तिले वाटते माणूस बसला," आदेश हसून म्हणाला. "पट्टा लावा त्या कट्ट्याले."

कट्ट्याला पट्टा बांधला, गाडी गप्प झाली. आमच्या गल्लीत आठवडाभर तोच विनोद चालला. ही टीं टीं लक्षात ठेवा पोरांनो.

आता मोहटोल्याच्या त्या घराची एक रीत सांगतो. तिथं लेक जन्मली की बांधावरचं एक मोहाचं झाड तिच्या नावानं करतात. ती सासरी गेली तरी झाड तिचं. मोसमातली पहिली फुलं तिनंच वेचायची, मग घरच्यांनी. आणि लेक वारली, तर तिच्या नवऱ्यानं येऊन पहिली टोपली वेचायची, तेव्हा झाड मोकळं होतं. तोवर फूल सडलं तरी कोणी शिवत नाही. वेचायचं सूर्य निघायच्या आधी. शेवटची ओंजळ जमिनीवरच ठेवायची. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्हालाही ठाऊक आहे, मयताच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणतो का? नाही म्हणत. उठतो आणि चालू लागतो. तसंच.

चैत्रात लटारूचा फोन आला. लटारू म्हणजे इंदुताईंचा धाकटा भाऊ.

"भाऊजी, बाईच्या झाडाखाली फुलाचा सडा पडून सडून राह्यला. अमावस्येच्या आत या."

गुणवंतरावांनी गाडी काढली. आदेश म्हणाला, एकटे कशाला जाता, मी सुट्टी टाकतो. म्हातारा म्हणाला, "डंपर चालवला म्या. हे तं चप्पल आहे." पोरानं हट्ट केला नाही. बापाला ही सहल कोणाबरोबर करायची होती ते त्याला ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी मोहटोल्याला पोचले. शुक्रवार, अमावास्येचा आदला दिवस. त्या शुक्रवारी पहाटे झाडाखाली गेले. गाडी बांधाशी उभी केली. लटारू मागं बॅटरी घेऊन थांबला, वाघाचा भरवसा नाही म्हणून. वारा पडलेला. वासानं डोकं जड होत होतं. फुलं पडत होती. टप... टप... गुणवंतरावांनी खाली बसून वेचायला घेतलं. एक शब्द नाही. टोपली भरली. शेवटची ओंजळ जमिनीवर ठेवली. सगळं रितीप्रमाणं.

टोपली उचलली, गाडीपाशी आले, पुढचं डावं दार उघडलं. आणि तिथं सवयीनं घात केला.

लग्न झाल्यापासून दरवर्षी ते त्याच झाडाखाली तिला न्यायला यायचे. ती काही केल्या उठायची नाही. "एक ओंजळ राह्यली," म्हणायची. आणि हे गाडीला किक मारून ओरडायचे. त्या पहाटे दार धरून उभे असताना, मागं न बघता, तेच तोंडातून गेलं.

"चल, बस आता. घरी जाऊ."

बोलून गेल्यावर कळलं. बांधावरच्या लटारूला ऐकू गेलं नव्हतं. गुणवंतरावांनी चटकन टोपली सीटवर ठेवली, दार लावलं, वळसा घालून आपल्या जागी बसले. गाडी सुरू केली.

टीं... टीं...

टोपलीचं वजन, दुसरं काय. टोपली उचलून मागच्या सीटवर ठेवली.

टीं... टीं...

सीट रिकामी. हात फिरवून पाहिला. गार. ओल्या मातीवर हात ठेवावा तशी गार.

तुम्हाला वाटेल माणूस उडी टाकून पळाला असेल. नाही. त्यानं काय केलं असेल? पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि लावला. खट. आवाज थांबला. "भ्या वाटलं नाई," मला म्हणाले. "सहा महिन्यात पह्यल्यांदा गाडी भरल्यासारखी वाटली."

मग सहल झाली. खरंच झाली.

प्राणहितेच्या काठानं एक वळण आहे. तिथून नदीचं पात्र आणि वाळूतल्या टरबुजाच्या वाड्या दिसतात. एसटी तिथं थांबत नाही. गाडी त्या वळणावर आली आणि पट्टा आपोआप सुटला. खट. टीं... टीं... गुणवंतराव थांबले. डावं दार उघडून दिलं. स्वतः आंब्याच्या सावलीत बसले. थोड्या वेळानं परत येऊन पट्टा लावला, पुढं निघाले. मासे वाळत घातलेलं एक लहानसं गाव आलं, तिथं परत खट. पुढं काठावर एक देऊळ, तिथंही. जिथं एसटी थांबत नाही तिथं तिथं.

आणि हा माणूस बोलत होता. दसऱ्यापासूनचं सगळं. नळाला पाणी कमी येतं. लोणच्याला बुरशी आली, कोणी हलवलंच नाही. पाठ खाजवायला मोजपट्टी ठेवली आहे. एका जागी थांबून टरबूज घेतलं, दोन फोडी कापल्या. एक डॅशबोर्डवर ठेवली. संध्याकाळी ती तशीच सुकलेली होती, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ती जिवंत असतानाही टरबूज खायची नाही, म्हणाले. सर्दी होते म्हणायची.

अहेरीला मुक्काम करायचा होता. दिवस मावळला. नदीवर उजेड थोडा राहिला होता. आणि बोलता बोलता राहून गेलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली.

"अन आयक ना. पुनमले सातवा लागला. आजी झाली तू."

बाजूला काहीच झालं नाही.

त्यानंतर पट्टा सुटला नाही. एकदाही नाही. त्या काठाला बघण्यासारखं बरंच होतं. गाडी हळू केली, थांबवलीसुद्धा. पट्टा ताणून बसलेला. माणूस घाईत पुढं झुकून बसला की बसतो तसा.

गुणवंतरावांनी गाडी परत फिरवली. का फिरवली ते त्यांनाही सांगता येत नाही. अहेरीची खोली राहिली. अंधार पडला होता. मोहटोल्याचा फाटा आला, गेला. गाडी घराकडं लागली. डाव्या बाजूची काच आतून धुकटली होती. बाहेर उन्हाळा, अंगातून घाम, आणि ती एक काच तेवढी...

आता ते बोलत नव्हते.

आष्टीला दिवे दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला. टपरीपाशी गाडी लावली. तीच गुलाबची टपरी, अंजनाबाईंच्या भावाची. ते खाली उतरले, बाकड्यावर बसले. गुलाबनं दोन कप आणून ठेवले.

"दोन काऊन?"

"बाई नाई घेत का चहा? उतरत बी नाई." गुलाबनं गाडीकडं पाहिलं. "गाडीतच देऊ का, काका?"

गुणवंतरावांनी मान वळवली नाही. "तुले... दिसते का?"

"डोक्यावर पदर आहे. तोंड नाई दिसत," गुलाब म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तेवढ्यात फोन वाजला. दिवसभर रेंज नव्हती. लटारू.

"भाऊजी, सकाळपासून करून राह्यलो फोन. तुम्ही गेले अन झाडाचं फूल पडणं बंद झालं. एक बी नाई. सारे झाडं गळून राह्यले, बाईचंच नाई. तुम्ही... तिथी बोलले का काही?"

गुणवंतरावांनी दुसरा कप बाजूला सरकवला.

"भाऊजी?"

"सवयीनं बोललो रे."

लटारूनं आवाज बारीक केला.

"आणून सोडा तिले. पहाटे अमावस्या लागते, त्याच्या आत. घरी पोटुशी सून आहे तुमच्या. गेलेली बाई वाईट नसते भाऊजी. पण तिची माया राहते ना... ते ओढते. आपल्याकडं ओढते. लेकराले बी ओढन."

फोन ठेवला. समोर वैनगंगेचा पूल. पुलापलीकडं घर. घरी पुनम. मागं सारा अंधार आणि झाड.

बघा पोरांनो, इथं त्या माणसाची काय गत झाली असेल. सहा महिने रिकाम्या घरात भिंतीशी बोलला. आज कोणी बाजूला बसलं. तिला नातवाचं तोंड बघायचं होतं, एवढंच. आणि ह्यानंच त्या नातवाला वाचवायचं. कोणापासून? तिच्यापासून.

दोन्ही चहा तसेच ठेवून ते उठले. गाडीत बसले. स्टिअरिंग उलटं फिरवलं.

खट.

टीं... टीं...

पट्टा लावला. पुन्हा सुटला. लावला. सुटला. एका हातानं गाडी, एका हातानं पट्टा. रस्त्यावर कोणी नाही. दोन्ही बाजूंनी सागवान. पानं नाहीत, नुसते खांब. टीं... टीं... शेवटी लावणं सोडून दिलं. वाजू दिलं. साऱ्या रस्त्यानं वाजत होतं. एकदा वाटलं आवाज बदलला... रडल्यासारखा. डावीकडं पाहिलं नाही.

फाटा. कच्चा रस्ता. बांध.

झाड.

दिवे बंद केले. गाडी सुरूच ठेवली. उतरले. वळसा घालून आले. डावं दार उघडलं.

टीं... टीं...

उभे राहिले. काही बोलायचं नाही. उतर म्हणायचं नाही. ये म्हणायचं नाही. नाव घ्यायचं नाही. आयुष्यभर ज्या माणसाशी भांडलो, बोललो, हसलो... तिच्याशी एक शब्द नाही. ओठ दाबून धरले होते. रक्त आलं होतं, मला ओठावरची खूण दाखवली त्यांनी.

टीं... टीं...

टीं...

थांबलं.

सीटवरून कोणी उठल्यावर गादी वर येते ना. तशी ती हळूच वर आली. त्यांनी पाहिली.

दार लावलं. वळसा घालून आपल्या जागी बसले. मागं बघितलं नाही. बांध संपेपर्यंत काच खाली होती, आणि मागून एकदाच आवाज आला.

टप.

आष्टीला परत आले तेव्हा गुलाब टपरीपुढं खाट टाकून झोपायच्या बेतात होता. पांढरी गाडी ओळखून तो उठून बसला. आत बघितलं. म्हातारा एकटाच. पुलावरून गाडी गेली, तोवर बघत राहिला. त्यानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं गिरणीत सांगितलं, आणि मधेच पुनम आली.

सकाळी लटारूचा फोन आला. झाड रात्रीतून धो धो गळलं होतं. घरच्यांनी टोपल्या भरल्या होत्या. गुणवंतराव आतल्या खोलीत गेले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. आदेशनं विचारलं, "सहल कशी झाली बाबा?" म्हणाले, "झाली. तुह्या मायची सारी हौस झाली."

म्हणजे बघा. बाई होती, हे गिरणीतलं बोलणं खरं निघालं. जंगलात सोडली, हेही म्हटलं तर खरं. दुसरी मात्र नव्हती. आणि परत आला तो एकटाच, असं अंजनाबाईंचं तुटलेलं वाक्य पुरं होत होतं. त्याबद्दल... त्याबद्दल मी शपथ घेत नाही.

जूनच्या शेवटी पुनम बाळंत झाली. मुलगी. आता केवढी झाली ती तुम्ही बघताच, तुमच्याच अंगणात धुडगूस घालते, ठणठणीत आहे. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तो दिवस सांगतो. आदेश गाडी चालवत होता. मागं पुनम, मांडीवर लेक, बाजूला गुणवंतराव. पुढची सीट रिकामी, नेहमीसारखी.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली आणि वाजायला लागली.

"सेन्सर बिघडला वाटते," आदेश म्हणाला. "काही नाई तं सीटवर."

गुणवंतराव मागून वाकले. हात लांबवून पट्टा ओढला, लावला. राजुऱ्यापर्यंत परत वाजलं नाही. पोरगी वाटभर झोपेत हसत होती म्हणे.

माझी बायको भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. मी पिशव्या उतरवायला. तुकडा ओवाळून टाकला, लेकीला आत नेलं. सगळे तिच्या मागं आत गेले. गुणवंतराव आणि मी गाडीपाशी. डावं दार कोणी उघडलं नव्हतं. कुलूप आतून लागलेलं होतं. मी काचेला डोळे लावून पाहिलं, हे माझ्याच डोळ्यांनी.

पट्टा सुटलेला होता. आणि अजून हलत होता.